यमक फाटकापर्यंत

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या आमच्या घराला लोखंडी फाटक आहे आणि मराठी काव्यशास्त्राची हद्द त्या फाटकाशी संपते. आत यमक म्हणजे ओळींच्या शेवटी जुळणारी अक्षरं. कडी काढून बाहेर पाऊल टाकलं की यमक म्हणजे तोच शब्द पुन्हा येणं, आणि येताना दुसरा अर्थ घेऊन येणं. आपण ज्याला यमक म्हणतो त्याला बाहेर तुक म्हणतात. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाला साक्षीला बोलावलं तर तो बाहेरच्यांच्याच बाजूनं बोलेल, पण हे माझ्या सासऱ्यांना सांगायची आमच्या घरात कुणाची छाती नाही.

सासरे, म्हणजे अण्णा, जन्मानं लष्करातले. श्लेष म्हणजे काय हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, या एका शब्दानं शिकवलं. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला तो पुन्हा उठलाच नाही. तळाचं शहर झालं, नाव लष्करच राहिलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सांगलीला निरोप आला, ‘मुलाकडचे सगळे लष्करातले.’ माझ्या मावशीनं गल्लीभर सांगून टाकलं की जावई कॅप्टन तरी असणारच. जावई निघाले बँकेतले. शब्द एक, तोही एकदाच वापरलेला, अर्थ दोन आणि तोंडघशी पडली ती मावशी. श्लेष याहून सोपा करून सांगता येत नाही.

चिरंजीव नववीत आहेत. शाळेत हिंदी, घरी आजोबांकडून मराठी. चाचणीत ‘यमकाचं उदाहरण लिहा’ असा प्रश्न आला. चिरंजीवांनी अण्णांनी पढवलेल्या, शेवटी छान जुळणाऱ्या दोन ओळी लिहिल्या आणि भोपळा घेऊन घरी आले. अण्णा तडक शेजारी गेले. शेजारी हिंदीचे निवृत्त शिक्षक राहतात. अख्खी गल्ली त्यांना मास्साब म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो.

“मास्साब, गाना और दाना, इसमें यमक नहीं है?”

“अण्णाजी, यह तो तुक हुई.”

“और यमक?”

“सोना पहनकर सोना मत. पहला सोना धातु, दूसरा नींद. यह यमक.”

“और जिसमें तुक ना हो?”

“वह बेतुकी.”

हे शेवटचं आपल्यालाच उद्देशून होतं असा अण्णांचा समज झाला आणि दोन दिवस मास्साबांकडचं वर्तमानपत्र आलं नाही. तिसऱ्या दिवशी मास्साब स्वतःच आले. संत तुकारामांना तुकाराम म्हणतात ते तुक इतकी सुंदर जुळवत म्हणूनच ना, असं त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं. अण्णा म्हणाले, आमच्याकडे तूक म्हणजे वजन आणि महाराजांचं घराणं दुकानदारीचं. दोन्ही व्युत्पत्ती सारख्याच बिनबुडाच्या होत्या, त्यामुळे समेट झाला.

तो फार टिकला नाही. मराठीत पद्याचे छंद, वृत्त आणि जाती असे तीन भाग करतात. ओवी, अभंग हे छंद. लघुगुरूंचे गण ठरलेले असतील तर वृत्त. आणि मात्रा मोजायच्या असतील तर जाती. हिंदीवाले सगळ्याला छंदच म्हणतात, मात्रिक किंवा वर्णिक. एका संध्याकाळी अण्णा ओट्यावर बसून नातवाला दरडावत होते, “जात सांग आधी! जात ओळखल्याशिवाय पुढे जायचं नाही!” मास्साब भिंतीवरून डोकावले. “अण्णाजी, अब कविता की भी जाति पूछी जाएगी?” अण्णांनी समजावलं, ही पादाकुलक, चरणात १६ मात्रा. मास्साबांनी बोटं मोजली. चौपाईच्याही चरणात मात्रा १६ च. “फिर तो अपनी ही बिरादरी की निकली,” म्हणत ते चहाला थांबले.

खरी बहार आली ती श्रावणात, मावशी राहायला आली तेव्हा. तिचं हिंदी रामायण मालिकेपुरतं. मास्साबांनी हात जोडून ओळख करून दिली, “बहनजी, मैं व्यंग्य लिखता हूँ.” मावशीनं त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, “धडधाकट तर दिसतात गं. आतलं असेल काहीतरी.” व्यंग्य म्हणजे उपहासात्मक लेखन हे तिला कळेपर्यंत तिनं त्यांना दोनदा बदामाचा शिरा पाठवला होता.

पुढच्या शुक्रवारी मास्साब म्हणाले, “एक कहानी सुनाऊँ?” मावशी उठली, हातपाय धुऊन आली, मुठीत अक्षता घेतल्या आणि पाटावर बसली. कहानी निघाली एका बाबूची, जो निवृत्तीनंतर आपल्याच कार्यालयात पेन्शनसाठी खेटे घालतो. मावशीनं शेवटपर्यंत भक्तिभावानं ऐकली, पण ती सुफळ संपूर्ण झाली नाही म्हणून अक्षता कुठे टाकायच्या हे तिला कळेना. शेवटी मास्साब सुस्कारून म्हणाले, “यही तो विडंबना है.” आता अण्णा सरसावून बसले. आपल्याकडे विडंबन म्हणजे केशवकुमारांची ‘झेंडूची फुले’. गंभीर कवितेची टोपी उडणार, आपण हसणार. बाहेर मात्र विडंबना म्हणजे दैवानं आपलीच टोपी उडवणं. अण्णा हसायच्या तयारीत आणि मास्साब डोळे पुसत असलेले, असे दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

याच मुक्कामात आम्ही मावशीला पवाया दाखवायला नेलं. डबऱ्याच्या बाजूला सिंध आणि पार्वतीच्या संगमावरचं हे गाव म्हणजे जुनी पद्मावती. भवभूतीचं संस्कृत नाटक ‘मालतीमाधव’ घडतं ते इथे. भवभूती मूळचा विदर्भातला, तेव्हा इकडे येणाऱ्या मराठी माणसांची रांग अगदी आठव्या शतकापासून लागली आहे, असा अण्णांचा दावा. संस्कृत नाट्यशास्त्रात रूपकांचे दहा प्रकार. कथा कवीनं स्वतः रचलेली असेल आणि नायक राजा नसून ब्राह्मण, मंत्री किंवा व्यापारी असेल तर त्या प्रकाराला प्रकरण म्हणतात. अण्णा विटांच्या ढिगाऱ्यावर उभे राहून म्हणाले, “मालती आणि माधव, हे प्रकरण आहे.”

मावशी जवळ सरकली. “घरच्यांना कधी कळलं?”

“दहा अंक चाललं.”

“बाई गं! आणि कुणी काही बोललं नाही?”

मला विचाराल तर ‘मालतीमाधव’वर इतका मन लावून प्रश्न कुठल्याही प्राध्यापकानं विचारलेला नसेल. मुलीचं लग्न राजाच्या मर्जीतल्या माणसाशी लावायचं घाटत होतं, हे ऐकून तर ती परतीच्या वाटेवर गाडीत नायिकेच्या बापाला नावं ठेवत होती.

मंदाक्रांता मात्र तिला दाखवायची राहिली. ग्वाल्हेरहून श्योपूरला दोन फुटी रुळांवरून छोटी गाडी जायची, सुमारे २०० किलोमीटरला अख्खा दिवस घ्यायची. दमून, थांबून, पुन्हा उचल खात पावलं टाकणारं ते १७ अक्षरी वृत्त मला या गाडीत बसल्यावर उमगलं. २०२०मध्ये गाडी बंद झाली. तिच्या शेवटच्या स्टेशनच्या गावी, श्योपूरला, गजानन माधव मुक्तिबोधांचा जन्म झाला. घरची भाषा मराठी, कविता हिंदी. प्रभाकर माचवे ग्वाल्हेरचेच. १९४३च्या ‘तार सप्तक’मध्ये हिंदीतले सात नवे कवी होते, त्यांतले दोन हे. मास्साब या दोघांना हिंदीचे म्हणतात, अण्णा आपले म्हणतात.

एक अलंकार मात्र इथे चालत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, त्यामुळे उन्हाबद्दल काहीही बोललं तरी अतिशयोक्ती होत नाही, स्वभावोक्तीच होते. पुण्याहून फोन करून ‘फार उकडतंय’ म्हणणाऱ्यांना आम्ही काव्यात्म स्वातंत्र्य देऊन टाकतो.

यमकाचा खटला निकालात निघाला तो फूलबागेत, राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी. मास्साबांना तिथे राणीवर कविता लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान आठवल्या आणि वीररस चढला. अण्णांना आठवले भास्कर रामचंद्र तांबे, ग्वाल्हेर संस्थानाचे राजकवी. त्यांची याच समाधीवरची कविता डोळ्यांत पाणी आणते. वीर श्रेष्ठ की करुण यावर हवा तापू लागली, तेव्हा अण्णांना काहीतरी सुचलं. राणीचं माहेरचं आडनावही तांबेच.

“मास्साब, लिखिए. तांबे ने तांबे पर लिखा.”

“ताम्रपत्र पर?”

“नहीं. पहले तांबे कवी, दूसरे तांबे रानी.”

मास्साब क्षणभर गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “यमक तो हुआ. और हमें जो ताँबा सुनाई दिया, उसमें श्लेष भी.” चिरंजीवांनी ते ताबडतोब वहीत उतरवून घेतलं. पुढच्या चाचणीत त्याला पूर्ण गुण मिळाले. मराठी व्याकरणाच्या वहीत मात्र अण्णांनी त्याच वाक्यावर लाल फुली मारली, कारण शेवटी काहीच जुळत नव्हतं.

तेव्हा दोन्ही भाषांचं काव्यशास्त्र एकदम शिकणाऱ्या मुलामुलींना एकच सांगणं. लिपी बघून उत्तर लिहायला घेऊ नका, ती दोन्हीकडे देवनागरीच आहे. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर भाषेचं नाव छापलेलं असतं, ते आधी वाचा.