गॅसच असेल

“काका, बनियन वर करा,” ईसीजी काढणारी मुलगी म्हणाली आणि मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मला एका वाक्यात दोन धक्के बसले. पहिला ‘काका’चा. केस परवाच काळे केले होते. दुसरा बनियनचा. त्याला पोटावर एक आणि काखेत दोन भोकं होती. छातीवर कुणीतरी जातं ठेवलंय, बोटांना मुंग्या आल्यात, ओठ बधिर झालेत, आणि मी काळजी कसली करतोय, तर पेपरात फोटो कुठला देतील याची.

या यंत्राबद्दल मी नंतर वाचलं. आइंथोव्हेन नावाच्या डच संशोधकाला ईसीजीसाठी १९२४ चं नोबेल मिळालं. त्याच्या सुरुवातीच्या यंत्रात माणसाला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. बनियनला कुणी हात लावत नसे. पुढे लोकांनी सुधारणा केल्या, छातीवर सहा जागा शोधल्या आणि मध्यमवर्गाची अब्रू गेली.

कागद बाहेर आला. नॉर्मल. सहा महिन्यांतला हा तिसरा नॉर्मल. पहिल्या खेपेला त्यांनी दिवसभर ठेवून घेतलं होतं, काही तासांच्या अंतराने दोनदा रक्त तपासलं होतं, टूडी एको केला होता. हृदय उत्तम. तिसऱ्या खेपेला मात्र डॉक्टर नुसतेच हसले. “काही नाही झालेलं तुम्हाला.” आता सांगतो, या वाक्याइतका अपमान माझा कुणी केलेला नाही. अर्ध्या तासापूर्वी रिक्षात मी बायकोला कापऱ्या आवाजात म्हणालो होतो, “एफडीच्या पावत्या कपाटात, निळ्या पिशवीत आहेत.” ती म्हणाली, “माहितीये. मागच्या वेळीही सांगितलं होतंत.” एवढा निरोप घेऊन झाल्यावर जिवंत परत यायचं, तेही ‘काही नाही’ घेऊन!

घरी आल्यावर अर्थात निदान तयार होतं. गॅस.

या विषयावर मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण मराठी माणसाच्या शरीरशास्त्रात गॅसला जो मान आहे तो हृदयालाही नाही. आपल्या शास्त्रांनी प्राण, अपान, समान, उदान, व्यान असे पाच वायू सांगितले. सहावा गॅस, तो नातेवाइकांनी सांगितला. बाकीच्या पाचांना आपापलं ठरलेलं काम आहे. गॅसला सगळीकडे मुक्त प्रवेश. तो डोक्यात चढतो, खांद्यात अडकतो, पाठीत फिरतो आणि आमच्या मावशीच्या बाबतीत गुडघ्यात उतरून बसतो. पोटात तो फक्त मुक्कामाला येतो. त्यावरचा उपाय घराघरांत वेगळा. मावशी ओवा आणि काळं मीठ तळहातावर ठेवून समोर उभी राहते, गिळेपर्यंत हलत नाही. मामांचा डाव्या कुशीवर विश्वास. शेजारचे निवृत्त बँकवाले सोड्याची बाटली घेऊनच येतात, अर्धी मला, अर्धी त्यांना. सासूबाईंनी तर बेंबीवर हिंग लावायचं सुचवलं. मी बावन्न वर्षांचा आहे, तान्हा नाही, असं सांगितल्यावर म्हणाल्या, “बेंबी तीच आहे ना?” आणि एवढं सगळं झाल्यावर एक ढेकर आली की सगळे असे सुस्कारा सोडतात, जणू मुलगी झाली की मुलगा ते कळलं.

शेवटी बायकोने मला मनोविकारतज्ज्ञाकडे नेलं. ‘नेलं’ हे तिचं क्रियापद. मी तोंडाला मास्क लावून ओळख लपवत गेलो होतो. प्रतीक्षा कक्षात समोरच ऑफिसातला एक तरुण सहकारी बसला होता. दोनच वर्षांपूर्वी त्याला मी चहाच्या टपरीवर, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, “मन खंबीर ठेवायचं. विषय संपला.” त्याने मला मास्कसकट ओळखलं आणि अत्यंत सभ्यपणे मासिकात डोकं घातलं. मासिक उलटं होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. घाबरलं की आपण भराभरा श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, डोकं हलकं होतं. त्या मुंग्यांना घाबरून आपण आणखी भराभरा श्वास घेतो. म्हणजे ज्याला मी अर्धांगवायू समजत होतो तो माल मी घरच्या घरी तयार करत होतो. ही लाट बहुधा दहाएक मिनिटांत टोकाला जाते आणि मग ओसरते. याला पॅनिक अटॅक म्हणतात, त्यावर औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत. हे ऐकून माझी जरा निराशाच झाली. इतक्या नाट्याला इतकं साधं स्पष्टीकरण?

मग त्यांनी सहज विचारलं, “वडील कितव्या वर्षी गेले?”

बावन्नाव्या. १९८७ ची दिवाळी. मी नववीत होतो. रात्री वडिलांच्या, आमच्या दादांच्या, छातीत जडजड होऊ लागलं. चकल्या जास्त झाल्या असतील, असं आई म्हणाली. गॅसच असेल, असं दादा स्वतः म्हणाले. मला सोडा आणायला पाठवलं. कोपऱ्यावरच्या टपरीत थंड सोडा नव्हता. दादांना थंडच आवडतो म्हणून मी पुढच्या चौकापर्यंत गेलो. परत आलो तेव्हा ते पलंगावर टेकून हसले, सोडा प्यायले, “आता बरं वाटतंय” म्हणाले. पहाटे गेले.

हे मी बाईंना सांगितलं, आणि बावन्नावा वाढदिवस झाल्यावर दोन आठवड्यांनी माझी पहिली रिक्षा दवाखान्याकडे धावली होती, हे मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कळलं. ‘काही नाही’ नव्हतं ते. अडतीस वर्षं होतं.

आता लाट आली की मी श्वास हळू सोडतो आणि एकोणतिसाचा पाढा म्हणतो. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. सातावर अजूनही अडतो, आणि चौथीच्या गुरुजींची छडी आठवली की मरणाची भीती मुकाट्याने रांगेत मागे जाऊन उभी राहते. अजून लाटा येतात, पण कमी. परवा दाराआड एक पिशवी सापडली. माझी फाइल, चार्जर, सुटे पैसे आणि दोन कोरी बनियनं. बायकोला विचारलं, तर म्हणाली, “असू दे.”

तुम्हालाही कुणी सांगेल, गॅसच असेल. बहुतेक वेळा असेलही, किंवा माझ्यासारखी नुसती भीती असेल. पण ते तुम्ही, मी किंवा मावशीने ठरवायचं नाही. छातीत दुखलं तर १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. ओवा नंतरही खाता येतो.