सतरावा क्रमांक आणि करंडक

टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल संघाच्या निष्ठावंत उपासकास संघाच्या कामगिरीविषयी पृच्छा करावी, तर तो सांगतो की, २०२४-२५च्या हंगामात ज्या संघाने देशांतर्गत लीगच्या ३८ सामन्यांपैकी २२ गमावून १७वा, म्हणजे खालच्या श्रेणीत हकालपट्टी होण्याच्या उंबरठ्यावरचा, क्रमांक संपादन केला, त्याच संघाने बिल्बाओ येथे १५व्या क्रमांकाच्या मँचेस्टर युनायटेडला एका गोलाने नमवून, तब्बल १७ वर्षांनी करंडक हस्तगत केला. (पराभूतांच्या अशा संमेलनास युरोपा लीगचा अंतिम सामना म्हणण्याचा प्रघात आहे.) या पराक्रमाबद्दल प्रशिक्षक पोस्टेकोग्लू यांना १६ दिवसांत बडतर्फीचा हुकूम मिळाला; कारण दप्तरी देशांतर्गत लीगचाच ताळेबंद ग्राह्य धरला गेला. उपासकाची तक्रार मात्र निराळीच आहे: जिंकल्यानंतर कोणाच्या नावाने बोटे मोडावीत, याचा सराव त्यास उरलेला नाही.