भावसाहेब

मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून आलेले काका तुम्हाला माहीतच आहेत. परतून आठवडे झाले तरी त्यांचं घड्याळ न्यू जर्सीतच असतं. तिकडे हॉर्न कसा कोणी वाजवत नाही, हे ते इकडे हॉर्न वाजवत सांगतात, आणि पिस्त्यांचं एक पाकीट साऱ्या कॉलनीला पुरवतात. यावर इलाज सोपा असतो. पिस्ते खायचे, मान डोलवायची, महिनाभरात उतरतं. आमच्या नागपूरच्या प्रतापनगरातल्या भावसाहेबांचं मात्र उतरलं नाही. एजी ऑफिसातून निवृत्त झालेला हा सभ्य माणूस तिकडून अमेरिकन फुटबॉलवरच्या पैजांचं शास्त्र शिकून आला आणि पानठेल्यावर त्याचे मोफत वर्ग घेऊ लागला.

हा फुटबॉल आपला नव्हे. यात पाय क्वचित लागतो. चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी त्या पळणाऱ्याला भुईसपाट करायचं. ३२ संघ, प्रत्येकाचे १७ सामने, मग बाद फेऱ्या आणि फेब्रुवारीत सुपर बाउल. न्यूयॉर्कचं नाव लावणारे दोन्ही संघ, जायंट्स आणि जेट्स, घरचे सामने खेळतात न्यू जर्सीत. भावसाहेबांना त्याचं काही वाटलं नाही. "आपलं स्टेडियम तरी कुठं नागपुरात आहे? जामठ्याले जावं लागते," ते म्हणाले.

त्यांना वेड लावलं ते अर्ध्यानं.

"समज, कान्सास सिटी तगडी अन् समोर कोणी लुंगासुंगा," ते ठेल्यावरच्या पोराला समजावतात. "सारेच कान्सासवर लावतील. मग बुकी काय भजे तळंल? म्हणून तो म्हणते, कान्सासचा भाव उणे साडेतीन. म्हणजे चार गुणांनी जिंकली तरच तुझे पैसे. तीननं जिंकली, तर ती जिंकली, तू हरला."

"पण काका, अर्धा गुण भेटते कशानं?"

"कशानंच भेटत नाही! तेच तर सांगून राहिलो ना बे!"

टचडाउनचे ६, त्यावरच्या लाथेचा १, नुसत्या फील्ड गोलचे ३. त्यामुळे ३ आणि ७ या फरकांनी सामने जास्त वेळा सुटतात. तीनचाच भाव ठेवला आणि सामना तीननंच सुटला, तर साऱ्यांचे पैसे परत करावे लागतात. ती कटकट नको म्हणून तीनच्या शेपटीला अर्धा बांधायचा. मैदानात कधीच न दिसणारा तो अर्धा गुण कोणाचं घर भरायचं ते ठरवतो. उभी नोकरी दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात गेलेल्या माणसाला हे सापडल्यावर तो आणखी कशाला शोधेल?

तेव्हापासून भावसाहेबांच्या आयुष्यात पूर्णांक उरलेला नाही. वय विचारा, साडेत्र्याहत्तर. पुतण्याच्या लग्नात मुहूर्त टळणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं; भावसाहेबांनी मांडवात उभं राहून भाव काढला, "साडेबेचाळीस मिनिटं. वर का खाली?" मुलीच्या मामानं 'खाली' घेतलं आणि भटजींना घाई करायला लागला. मे महिन्यात पाऱ्याचा भाव साडेपंचेचाळीस. घरी कुकर लावला की साडेतीन शिट्ट्या. काकूंनी शेवटी सांगून टाकलं, "तीन तो देईल, अर्धी तुम्ही तोंडानं मारा." मोक्षधामच्या घाटावर तर कहर झाला. गेलेल्या आजोबांचं वय चौऱ्याऐंशी कळल्यावर हे सुस्कारा टाकून म्हणाले, "ओव्हर गेले. माझा भाव साडेएक्याऐंशीचा होता." गेलेल्यांच्या जावयानं यांच्याकडे असं पाहिलं की मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कावळा किती वेळात शिवंल?"

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार, पहाटेचे पाच. भावसाहेबांच्या दिवाणखान्यात आम्ही सारे पांघरुणं घेऊन बसलो होतो, कारण फिलाडेल्फिया आणि कान्सास सिटीचा सुपर बाउल पाहिला नाही तर ते बोलणं टाकतील अशी भीती होती. नंतर वाटलं, टाकलं असतं तर बरं. कान्सासकडे झुकलेला भाव साधारण दीडाचा होता. त्या दीडातल्या अर्ध्यावर काकांनी जे निरूपण लावलं, ते मध्यंतरापर्यंत चाललं. मध्यंतराला कान्सास ०–२४ नं मागे होती. शेवटी ४०–२२ असं फिलाडेल्फियानं तिला धुतलं. दीड, साडेतीन, साडेदहा, कोणताही अर्धा कामाला आला नाही. तर्री-पोहे खाताना त्यांचा चेहरा सुतकी होता. सामना अटीतटीचा न झाल्याचं दुःख मी बऱ्याच जणांना करताना पाहिलंय, पण अर्धा वाया गेल्याचं दुःख करणारा हा एकच.

"काका, हे आपलं खाई-लगाईच ना?" असं कोणी म्हटलं की ते उखडतात. नागपूरला हा सट्ट्याचा धंदा काही नवा नाही. इथल्या पेपरांत 'खायवाडी-लगवाडी' हा शब्द पावसाच्या बातमीइतका सहज येतो. २००७ च्या जानेवारीत वेस्ट इंडिजच्या मार्लन सॅम्युअल्सचं एका बुकीशी झालेलं फोनवरचं बोलणं नागपूर पोलिसांनीच टेप केलं होतं, आणि २००८ साली त्याला दोन वर्षांची बंदी बसली. ठेल्यावरची पोरं हे गावाची कीर्ती सांगावी तसं सांगतात. भावसाहेब म्हणतात, "ते चोरांचं. हा हिशोब आहे. कागद आण."

मग खर्ऱ्याच्या पन्नीवर आकडेमोड होते. तिकडे साधारणपणे १०० जिंकायला ११० लावावे लागतात. दोघांनी दोन बाजूंनी लावले, बुकीकडे २२० आले. जिंकणाऱ्याला २१० दिले. १० त्याचे, सामना कोणीही जिंको. "आता तू लई हुशार. शंभरातल्या बावन्न पैजा बरोबर आल्या. किती जिंकला? ५२००. अठ्ठेचाळीस चुकल्या. किती गेले? ५२८०. म्हणजे निम्म्याहून जास्त बरोबर येऊनही ८० रुपयांनी खड्ड्यात." पोरगा पन्नीकडे बघत राहतो. नवशिक्यांचा वर्ग इथेच संपतो. मी काही दिवस हा वर्ग ऐकला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. भावसाहेब पैज कशी लावायची हे कधीच शिकवत नाहीत.

एकदा ठेल्यावर कोणी नसताना विचारलं, "तुम्ही स्वतः कधी लावले?"

"एक रुपया नाही."

वडील एम्प्रेस मिलमध्ये होते. टाटांची, १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली. आज तिथे मॉल आहे. वडिलांच्या काळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडायचे आणि बंद व्हायचे भाव टेलिप्रिंटरनं मुंबईला यायचे आणि लोक त्यांच्या आकड्यांवर पैसे लावायचे. १९६१ ला ते बंद झालं, मग मटक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. वडिलांना दोन्ही पुरलं. पगार कापसातून यायचा, कापसातच जायचा, आणि पोरगा मिलच्या फाटकाशी उभा राहायचा, बाप ठेल्याआधी गाठावा म्हणून.

"अन् तिकडं सुनेनं फोन केला," ते म्हणाले. "२०१८ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं वाट मोकळी केली, न्यू जर्सीत तर महिन्याभरात सुरू झालं. पोरगा रात्ररात्र फोन घेऊन बसते म्हणे. मी काय फिरायले गेलो होतो? त्याले समजवायचं तर आधी मले समजाले नको?" थोडं थांबून म्हणाले, "बाप कापसावर, पोरगा फुटबॉलवर. मधात मीच एक कोरडा."

"सुटला का मग?"

"तेवढा भाव मी काढत नाही."

माणूस डोक्याला ताप आहे, हे माझं मत कायम आहे. पण त्या दिवशी पोह्यांचे पैसे मी दिले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. बातमी आली त्या संध्याकाळी भावसाहेबांनी ठेल्यावर भाव जाहीर केला: ही पोरं किती दिवसांत दुसरी वाट शोधतील? साडेसात. कोणीच 'वर' घ्यायला तयार होईना, म्हणून पैज रद्द झाली. तुमच्या घरी कोणी नवशिका असेल, तर पुढच्या सुपर बाउलच्या आधी त्याला प्रतापनगरला धाडा. फी नाही, तर्री-पोहे मात्र त्याच्याकडून.