अटी लागू

पुण्यात रॉकचे शो लावणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची सवय लागते. एक तोटा, आणि दुसरा ‘चार पास मिळतील का?’ हा प्रश्न. मागच्या डिसेंबरात अवकाळी पावसाने आमचा शो धुऊन नेला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पैसे परत मागायला सगळ्यांत आधी कोण आलं असेल? फुकटे पासवाले.

“जिथे एकही माणूस नाही अशा ठिकाणी जाऊ या,” ही म्हणाली. लेक सॅन होजेला असल्यामुळे हे नुसतं बोलणं राहिलं नाही. मे महिन्यात आम्ही दोघं लास वेगासहून भाड्याच्या गाडीने १९० किलोमीटरवरच्या रायोलाइटला निघालो. नेवाडाच्या वाळवंटात, डेथ व्हॅलीच्या अलीकडे पडलेलं हे ओसाड गाव. इथे कोणी पास मागणार नव्हतं.

वाटेत मी हिला व्हॅन हेलनची गोष्ट सांगितली. लग्नानंतर साधारण चाळिसाव्यांदा. या बँडच्या करारात एक अट असायची: मेकअप रूममध्ये एम अँड एमच्या गोळ्या हव्यात, पण त्यात तपकिरी एकही नको. लोकांना वाटायचं, काय हा माज! खरी गोम वेगळीच होती. स्टेजचं वजन किती, वीज किती लागणार, हे सगळं त्याच जाडजूड करारात असायचं. वाडग्यात तपकिरी गोळी दिसली की समजायचं, आयोजकाने करार वाचलेला नाही; आता सगळं सामान पुन्हा तपासा.

“करार वाचला की अर्धा शो जिंकला,” मी म्हणालो आणि मागून ‘फस्स्’ झालं. डांबरी रस्ता संपून खडी लागली होती, हे तेव्हा लक्षात आलं.

डिकी उघडली. गालिचा उचलला. स्टेपनीच्या जागी थर्माकोलचा साचा, त्यात जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्रेसर आणि पांढऱ्या चिकाची बाटली. मी आयुष्यात जनरेटर बंद पडलेले पाहिलेत, गायक बंद पडलेले पाहिलेत, पण स्टेपनीशिवाय गाडी? हे म्हणजे मांडव घातला आणि खांब विसरले. नळी जोडली, बटण दाबलं. निम्मा चीक माझ्या पँटवर आला, निम्मा नेवाडावर. टायरने तोंडदेखला थेंबभर घेतला असेल.

फोनला रेंज नव्हती. हिने शांतपणे चष्मा लावून कप्प्यातून भाडेकरार काढला.

“चौदा पानं आहेत. स्टेपनी दिली जाणार नाही. खडीच्या रस्त्यावर गाडी नेल्यास खर्च तुमचा. खाली सही…” तिने कागद माझ्यासमोर धरला. “तपकिरी गोळी.”

एका कॅम्पर गाडीतले आजोबा सहा किलोमीटरवरच्या बीटी गावात निरोप द्यायला गेले आणि आम्ही सावली शोधत टॉम केलीच्या घरापाशी आलो. लाकूड मिळेना म्हणून या गृहस्थाने १९०६ मध्ये सुमारे ५०,००० बाटल्यांचं घर बांधलं, बहुतेक बियरच्या. आमच्या शोनंतर मैदानावर एवढ्या मालात वाडा उठेल.

पलीकडे तीन मजली कुक बँकेचा सांगाडा. भिंतींच्या चौकटी तेवढ्या उरल्यात, आतून थेट आभाळ. १९०४ मध्ये इथल्या डोंगरात सोनं सापडलं आणि दोन-चार वर्षांत हजारो माणसं जमली. विजेचे दिवे आले, शेअर बाजार आला, ऑपेरा हाउस आलं. बँकेवर ९०,००० डॉलर ओतले, जिन्याला इटालियन संगमरवर लावला आणि इमारत तयार होते न होते तोच १९०७ च्या मंदीने पैसेवाले पळाले. प्रायोजक नेमका स्टेज उभा राहिल्यावरच पळतो, हे मला कोणी सांगायला नको. १९१० च्या शिरगणतीत ६७५ माणसं उरली. १९१६ मध्ये वीजही तोडली.

ते ऑपेरा हाउस कोणीतरी चालवत असेलच ना? दर आठवड्याला कमी होणारी डोकी दारात उभं राहून मोजत असेल. त्या पावसाच्या रात्री मीही गेटवर टॉर्च घेऊन उभा होतो. समोर तीन हजार ओल्या खुर्च्या आणि पहिल्या रांगेत छत्री उघडून बसलेली ही एकटी. नंतर धुवायला टाकलेल्या तिच्या ड्रेसच्या खिशात मला तिकीट सापडलं. विकत घेतलेलं. मी त्याबद्दल अजून तिला विचारलेलं नाही.

अडीच तासांनी बीटीहून पंक्चरवाला आला. माझ्या पँटकडे पाहून त्याने काही विचारलं नाही. पकडीने बोटभर लांबीचा गंजका खिळा ओढून काढला, भोकात रबराची वात कोंबली आणि खिळा माझ्या हातावर ठेवला. मी तो रुमालात बांधायला लागलो. दिवाणखान्यात ठेवण्यासारखी वस्तू!

“अहो, ठेवा तो खाली,” ही म्हणाली. तिने पाटीसुद्धा वाचली होती. “इथलं काहीही न्यायचं नाही, अशी अट आहे.”

मी मुकाट्याने बँकेच्या भिंतीपर्यंत चालत गेलो आणि वाकलो.

“टोक खाली करून!” मागून आवाज आला.