मेन्यूकाका

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणाकडे परदेशी पाहुणा यायचा असला, की वॉचमनच्या आधी मेन्यूकाकांना वर्दी जाते. त्यांचं खरं नाव खाली पत्रपेटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक.

काकांनी जगातलं सगळं खाल्लंय, आणि तेही मुलुंड ते अंधेरीच्या टापूत. प्रत्यक्ष परदेशी ते एकदाच गेले, युरोपला, मराठी टूरबरोबर. टूरबरोबर आचारी होता. त्यामुळे आल्प्सच्या पायथ्याशी त्यांनी वरणभात खाल्ला आणि पॅरिसात पुरणपोळी. युरोपचं जेवण कसं असतं ते त्यांना परत आल्यावर अंधेरीत कळलं. "तिकडे इतकं चांगलं मिळत नाही हो," असं ते छातीठोक सांगतात.

2014 च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली ती आपल्याच पोटासाठी, अशी काकांची समजूत आहे. पूर्वी घाटकोपरहून बसने निघालं, की लागलेली भूक साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्येच मरायची. आता वीस-बावीस मिनिटांत माणूस भुकेसकट वर्सोव्याला पोचतो.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या भाचीच्या ऑफिसातला मिलानचा एक तरुण आठवडाभर काकांकडे उतरला. काकांनी लगेच कार्यक्रम आखला. शेजारधर्म म्हणून मीही बरोबर.

पहिल्या रात्री अंधेरीत थाई. पाहुण्याने मेन्यूकार्ड उघडलं, ते काकांनी अलगद काढून घेतलं. "दोन सूप, वन बाय टू. आणि एक बोल रिकामा जास्तीचा." मग वाढणाऱ्या मुलाकडे कौतुकाने पाहत, "आप थायलंड से?"

"नहीं सर, दार्जिलिंग."

"हां, मतलब उसी तरफ," म्हणत काकांनी नकाशा मिटवला.

काकांची खरी विद्या भाषांतराची. समोर येईल त्या पदार्थाचं ते मराठी करून टाकतात. डिमसम म्हणजे उकडीचे मोदक, फक्त सारण चुकलेलं. हमस म्हणजे काबुली चण्याची वाटली डाळ. रॅव्हिओली ही तिखटाची करंजी, तळायला आळस केलेली. आणि रिसोटो? "गुरगुट्या भात! चीज घालून." हा गुरगुट्या भात हॉटेलात ते चारशे नव्वद रुपये मोजून, डोळे मिटून खातात. घरी काकूंनी केला, की ताट सरकवतात, "मऊ भात कशाला? मी काय आजारी आहे?"

इतिहासही त्यांना तोंडपाठ. मांचुरियनचा मांचुरियाशी काही संबंध नाही. 1975 च्या सुमारास आपल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी ते पहिल्यांदा केलं, आणि वांग मूळचे कलकत्त्याचे. "म्हणजे स्टेशन चर्चगेट. पश्चिम रेल्वेचा पदार्थ!" पाहुण्याने मान डोलावली. त्याला रेल्वे एवढाच शब्द कळला असावा.

दुसऱ्या दिवशी घाटकोपर, वल्लभबाग लेनची खाऊगल्ली. इथे कांदा, लसूण, बटाटा वजा करूनही जगाची बाकी शिल्लक राहते. जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्ची केळी बसतात आणि कुणाचं काही अडत नाही. काकांनी इटलीचा मान राखून पिझ्झा डोसा मागवला. चीजच्या किसाखाली डोसा दिसेनासा झाला. पाहुणा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. शेवटी अदबीने त्याने विचारलं, यातला पिझ्झा कोणता?

"तुमच्याकडे डोसा मिळतो का?" काकांनी उलट विचारलं. "नाही ना? मग."

तिसऱ्या दिवशी "पोर्तुगीज क्युझिन" म्हणून बोरिवलीची आय.सी. कॉलनी. नाताळ जवळ आलेला, खिडक्या-खिडक्यांत आकाशकंदील. एका ईस्ट इंडियन आजींकडे बाटली मसाला विकायला होता. काकांनी खास ठेवणीतल्या इंग्रजीत विचारलं, हा मसाला बाटलीतच का भरतात? आजी चश्म्यावरून पाहत म्हणाल्या, "दांडक्यानं ठासून भरला की वरीसभर टिकतो. मराठीत विचारा की." काका परतीच्या लोकलमध्ये कांदिवलीपर्यंत गप्प होते. हा विक्रम आहे.

चौथ्या दिवशी व्हायचं ते झालं. पाहुण्याचं पोट बिघडलं. काकांनी अंधेरीतला जपानी बेत रद्द केला आणि मोबाइलवर "पोटाला हलकं, इटालियन, जवळपास" असं शोधत बसले. काकूंनी तोवर कुकर लावला होता. ताटलीत वाफाळता मऊ भात, वर तुपाची धार, मेतकूट, कडेला लिंबाच्या गोड लोणच्याची फोड.

पाहुण्याने भीतभीत एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा ओळखीचं माणूस भेटल्यासारखा फुलला.

"रिसोत्तो?"

"मेतकूटभात," काकू म्हणाल्या आणि आणखी एक डाव वाढला. त्याने तोही संपवला, बोटं चाटली आणि ताटली पुन्हा पुढे केली.

काकांनी मोबाइल खाली ठेवला. जरा वेळ बघत राहिले. मग स्वतःच उठून मांडणीवरून एक ताटली घेऊन आले.

"मलाही घाल गं थोडा."

काकूंनी डाव हातातच धरला.

"का हो? तुम्ही काय आजारी आहात?"