आधी राहा, मग शिकवा

पूर्णा–नांदेड लोहमार्गावरच्या आमच्या चुडाव्यात गणिताच्या बीएडवाल्यांमध्ये सध्या एकच चर्चा आहे : इंग्लंडला म्हणे मास्तर पाहिजेत! अफवा नाही, खरं आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या गणित, विज्ञान आणि भाषांच्या शिक्षकांना तिथल्या अधिकृत शिक्षक-दर्जासाठी घरबसल्या अर्ज करता येतो. इतिहासवाल्यांना बोलावणं नाही. इतिहास त्यांनी आधीच घडवून ठेवला आहे.

पण दर्जा मिळाला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. त्याला तिथल्या शाळेचं नोकरीचं पत्र लागतं. दक्षिण आफ्रिकेची शिक्षक परिषद तर परदेशी माणसाला नोंदणीच्या वेळीच परवाना मागते. परवान्याला नोकरीचं पत्र, पत्राला नोंदणी, नोंदणीला परवाना. आपल्या तहसिलीत पाय झिजवलेल्या माणसाला यात नवं काही वाटणार नाही. उलट जरा घरच्यासारखंच वाटेल.

खरी पंचाईत अर्जाच्या पुढच्या रकान्यात. ‘आपल्या देशातील शिक्षक परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र जोडा.’ आपल्याकडं डॉक्टरांची परिषद आहे, वकिलांची आहे, औषधं विकणाऱ्यांची आहे. शिक्षकांची नाही. टीईटी ही पात्रता परीक्षा आहे, भरतीचं पवित्र पोर्टल आहे, पण ‘हा इसम मास्तर आहे’ असं नोंदवून ठेवणारी परिषद कुणी काढलेलीच नाही. मग पोरगं जातं जिल्ह्याच्या एखाद्या कार्यालयात.

“असलं काही आमच्याकडं निघत नाही.”

“मग निघत नाही असं तरी लिहून द्या, साहेब.”

“निघत नाही, असंही निघत नाही.”

त्यातून पुढं गेलाच, तर जन्मतारीख. मराठवाड्यातल्या निम्म्या गावांचा जन्म १ जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी बापाच्या तोंडाकडं बघून वय ठरवलं आणि तारीख सोयीची टाकली. एकाच गावातून पाच अर्ज गेले आणि पाचही जण १ जूनला जन्मलेले निघाले, तर तिकडचा कारकून पोलिसांना फोन लावणार नाही तर काय करील? शेवटी पत्त्याचा पुरावा, अलीकडचं वीजबिल. वीजबिल आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, पण बिल वेळेवर भरतात.

हे गोऱ्यांनी काढलेलं खूळ आहे असं समजून कुणी दातओठ खाऊ नयेत. हा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता तेव्हाची गोष्ट. १९१९ च्या फर्मानाप्रमाणं सरकारी नोकरी हवी तर माणूस मुल्की, म्हणजे संस्थानातलाच पाहिजे, आणि जन्मानं मुल्की नसेल तर संस्थानात १५ वर्षं राहिलेला पाहिजे. तोवर खायचं काय, याची काळजी फर्मान काढणारानं कशाला करावी? १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर मद्रासकडून मास्तर येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर मुल्की दाखलेही येऊ लागले. दाखले असे झपाट्यानं निघाले की काही जणांची १५ वर्षं गाडीतून उतरायच्या आधीच राहून झाली होती. १९५२ मध्ये यावरून वरंगळला ठिणगी पडली आणि सप्टेंबरात हैदराबादला गोळीबार झाला. शिकवणारा कुठला, या भांडणात शिकणारे मेले.

निजाम गेला, हैदराबाद राज्यही मोडलं. आज महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र काढायला जा, १५ वर्षं जशीच्या तशी उभी आहेत!

आमच्या बीएडवाल्याच्या पदवीवर नांदेडच्या विद्यापीठाचं नाव असतं : स्वामी रामानंद तीर्थ. हे गृहस्थही मास्तरच. सोलापूर, अमळनेर, पुणे असं निजामाच्या हद्दीबाहेर शिकून १९२९ मध्ये संस्थानातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेवर आले. शाळा सरकारी नव्हती म्हणून बरं. नाहीतर १५ वर्षांचा हिशेब मागितला असता आणि पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाची झोप उडवणारा माणूस फाटकातून परत गेला असता. कागदपत्रं नीट तपासली तर राज्य किती सुरक्षित राहतं, बघा.

दरम्यान देशात राहणाऱ्यांनाही चैन नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सेवेची पाचपेक्षा जास्त वर्षं उरलेल्या शिक्षकांनीही टीईटी पास व्हावं. वीस-वीस वर्षं पोरांना नापास करणारे गुरुजी आता पाठ्यपुस्तक झाकून बसलेत.

बीएडवाल्यानं मात्र वाट काढली आहे. परदेशातल्या मराठी घरांतल्या मुलांना तो आता रात्री मोबाइलवर बीजगणित शिकवतो. फी डॉलरमध्ये. परवाना, नोंदणी, १ जून, कुणी काही विचारत नाही. आयांची चौकशी एवढीच : “सर, तुमच्याकडे लाइट किती वाजता जाते?”