धुळ्याच्या बंदरात जहाज कसं कोरावं

अठराव्या शतकातल्या डच पद्धतीचं नगरचित्र शिकायचंय ना? मग पहिली अट: धुळ्याला जायचं नाही. जळगावला तर नाहीच. लायडनचा प्रकाशक पीटर फान डेर आ याने १७२९ मध्ये जगाची सुमारे ३,००० चित्रं ६६ भागांत काढली, त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या जुन्या तांब्याच्या पत्र्यांवरून. गाव पाहून आलेल्याचा हात उगाच थरथरतो.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्या. त्यावर मेणाचा थर, मेणावर सुईने रेघा, वरून आम्ल. मेण खरवडलं तेवढंच तांबं आम्ल खातं. बारीक काम कोरणीने. खान्देशातला मे असेल तर कूलरसमोर बसा, नाहीतर मेणच मऊ पडायचं.

क्षितिजावर तीन मनोरे काढा. धुळ्यात इतके मनोरे कुठले, असं कुणी विचारलं तर फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांचं नाव घ्या. ते एरंडोलकडचे, पण लायडनहून बघताना तेवढं चालतं. पुढे पाणी हवंच. पांझरा इतकी रुंद करा की गलबत मावेल. उन्हाळ्यात तिचं काय होतं ते मनातून काढून टाका. जळगावला मेहरूणचा तलाव आहेच, त्यात दोन जहाजं सोडा, तोफांसकट. कोपऱ्यात छत्रीखाली साहेब आणि एक ताड. धुळ्याचे सरळ रस्ते मात्र टाळा भो! ते इंग्रज कॅप्टन ब्रिग्जच्या काळातले, १८१८ नंतरचे. जहाज खपेल, रस्त्यावरून पकडले जाल.

आता गावाचं नाव. तांब्यावर ते उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. इथे थट्टा नाही. एक उकार चुकला तर पत्रा मागून ठोकून, पुढून घासून पुन्हा कोरावा लागतो.

तसा खान्देश व्यापाऱ्यांच्या वाटेवरच होता: सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता थाळनेर, चोपड्यावरून जायचा, आणि बुऱ्हाणपूरचं तलम कापड व्यापाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. कापडाचा पोत ते बोटांनी चाचपून बघत. गावासाठी एवढा वेळ कुणाला?

तुम्हीही विकत घेताना बोटं वापरा. चित्राच्या चौकटीबाहेर पत्र्याच्या कडेची दबलेली खूण लागली तर ठसा तांब्याचा असू शकतो. सगळं सपाट लागलं तर फ्रेमचेच पैसे द्या.